भिंतीवरचं वांगं

माझ्या हाताला सगळं उगवतं, फक्त जे पेरलं ते सोडून. बुलढाण्यात घर बांधलं तेव्हा धुण्याच्या दगडापासून मागच्या कंपाउंडपर्यंतची जागा मी हट्टानं मोकळी ठेवली. बायको म्हणत होती, फरशी टाकू, पापड-कुरड्या वाळवता येतील. मी म्हणालो, परसबाग करू, घरची ताजी भाजी खाऊ. ते वाक्य ती अजून बाजाराची पिशवी उचलताना मला म्हणून दाखवते.

मेथी आली ती एका फोडणीपुरती. कोथिंबीर वीतभर झाली आणि फुलावर गेली. दोडक्याच्या वेलानं गच्ची गाठली, पिवळीधमक फुलं मिरवली, पण सगळीच्या सगळी वांझोटी. एक दोडका म्हणून धरला नाही. मिरचीला बोकड्या आला, म्हणजे पानं अशी आखडली की झाडानं मूठ आवळून माझ्यावर उगारल्यासारखं दिसायचं. मोबाइलवर एकानं सांगितलं म्हणून गूळ-बेसन-शेणाचं पाणी बादलीत आंबवलं, तेव्हा शेजारच्या मॅडम आठवडाभर आमच्या बाजूची खिडकी लावून बसल्या.

यात दोष मातीचा होताच. आमचा प्लॉट मुरमाड, कुदळ मारली की ठिणगी पडावी असा. नळाचं पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसतं. पण खरा दोष वेगळाच. मला स्वस्थ बसवत नाही. बी टाकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बोटानं माती उकरून बघतो, कोंब आला का. आला नसेल तर पुन्हा झाकतो आणि ऑफिसला जाऊन दिवसभर तेच डोक्यात घोळवतो. आला असेल तर बघताना मोडतो. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा अंड्यावर बसलेली कोंबडी बरी, ती निदान उठून अंडं फोडून पाहत नाही.

अशा या घरात माझी आई राहायला आली.

वडील त्या हिवाळ्यात गेले. धामणगाव बढ्याच्या घरात आई एकटी उरली. बहीण नाशिकला, मी इथं. दोघांनी समजावलं, नातेवाइकांनी समजावलं, शेवटी ती एक कापडी पिशवी आणि एक गाठोडं घेऊन बसमधून उतरली. पिशवीत लुगडी होती. गाठोडं तिनं कोणाच्या हाती दिलं नाही. घरी आल्यावर सोडलं तर आत शेणाच्या थापट्या. तळहाताएवढ्या, वाळून कडक झालेल्या, प्रत्येकीवर तीन बोटांचे ठसे.

आमच्याकडे भाजीचं बी असंच ठेवतात. पिकलेल्या फळाचं बी धुऊन, राखेत घोळून, शेणात मळायचं आणि लहान लहान थापट्या करून भिंतीला मारायच्या. कीड लागत नाही, उंदीर शिवत नाही. मृग लागला की थापटी काढायची, पाण्यात कुस्करायची आणि बी पेरायचं. आईच्या थापट्यांत काकडी होती, गंगाफळ म्हणजे लाल भोपळा होता, पण जीव होता तो वांग्यात. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, भरताचं मोठं वांगं. तिच्या सासूकडून तिच्याकडं आलेलं. गावात अर्ध्या घरांतून ते बी गेलं ते आमच्या भिंतीवरून. आईनं ते कधी कोणाला विकलं नाही आणि कधी कोणाकडून मागूनही आणलं नाही.

आल्या दिवशीच तिनं शेजारच्या गल्लीतून ताजं शेण आणवलं आणि सगळ्या थापट्या आमच्या मागच्या भिंतीला पुन्हा चिकटवल्या. मग माती हातात घेऊन पाहिली. म्हणाली, "बाबू, हे माती नोहे, हा रोड होय." आणि हात झटकत, उगाच काहीतरी बोलावं तसं बोलून गेली, "माह्यं वांगं इथं लागलं आन् चंपाषष्ठीले देवापुढं त्याचं भरीत ठेवता आलं, तं मी इथं ऱ्हातो. नाही लागलं तं मले गावी नेऊन घाल. मंग आडवं लागू नोको."

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. तोवर चातुर्मास धरून आई वांगं खात नाही. तिची पिशवी तिनं रिकामी केली नाही. कपाटात जागा करून दिली होती, तरी लुगडी पिशवीत आणि पिशवी दाराच्या खिळ्याला. लागेल ते काढायची, धुऊन पुन्हा पिशवीत. रोज सकाळी उठलो की मी आधी त्या खिळ्याकडे बघायचो, मग भिंतीकडे.

गावातलं घर मी पाहिलं होतं. मागचं दार फुगून लागत नव्हतं, विहिरीवर पाय घसरत होता. तिथं तिला एकटं सोडून येणं मला जमणार नव्हतं. आणि हे सगळं टांगलेलं होतं एका वांग्याला, ज्याचा माळी मी.

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण आणि जावई आले. वडील गेल्यानंतरची पहिली अखजी, त्यांच्या नावानं घागर भरायची होती. आमचे जावई सोन्यासारखे आहेत. ताट स्वतः उचलतात, चप्पल रांगेत ठेवतात, सासुरवाडीला आले की झाडू शोधतात. वाईट करणाऱ्या माणसापासून घर सांभाळता येतं, मदत करणाऱ्यापासून फार अवघड. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, मामी, तुमच्या हातचे रोडगे खाऊन वर्षं झाली. आई उठलीच. वडील गेल्यापासून तिनं इतक्या चटकन उठून कणीक मळायला घेतलेली मी पाहिली नव्हती.

रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे. मी पोतंभर गोवऱ्या आणून ठेवल्या होत्या, आणि माझ्याच हुशारीनं त्या माठाच्या खालच्या बाजूला ठेवल्यामुळे अर्ध्या ओल्या झाल्या होत्या. नुसता धूर. मी म्हणालो, थांबा, आणखी आणतो, आणि गाडी काढून निघालो. म्हशीवाल्याकडे गोवऱ्या घेतल्या, दोन शब्द बोललो, परत आलो तर मागच्या कोपऱ्यात छान निखारा फुलला होता. जावई फुंकणी बाजूला ठेवत हसतमुखानं म्हणाले, उगाच गेलात दादा, भिंतीलाच किती सुंदर वाळलेल्या होत्या, बारक्या बारक्या, कागदासारख्या पेटल्या.

मी भिंतीकडे पाहिलं. जागोजाग फिकट वर्तुळं तेवढी उरली होती.

बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. तिनं भिंत पाहिली, नवरा पाहिला, मला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. जावयाला काय बोलणार? बोललं असतं तर तो भला माणूस तिथंच रडला असता आणि आमच्या घरात जावई रडल्याची गोष्ट पिढ्यान्पिढ्या चालली असती. तेवढ्यात आई परात घेऊन आली. खाली बसून तिनं एकेक रोडगा निखाऱ्यात सारला. मान वर केली नाही. भिंतीकडे तिची पाठ होती. मला वाटलं, बरं झालं, दिसलं नाही. जेवताना जावई म्हणाले, रोडग्याला आज वेगळाच वास आहे. आई म्हणाली, "घ्या ना बाप्पा, अजून एक घ्या."

ते लोक गेले आणि माझी झोप गेली. पहिला विचार आला तो धामणगावचा. तिथं आमच्या शेजारी बागवान कुटुंब आहे, भाजीचा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांच्या घरची चाची आईच्याच वयाची. दोघींच्या घरामध्ये एकच भिंत, आणि आईचं वांगं त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना व्हायचं. चाचीकडे बी नक्की असणार. पण धामणगावच्या स्टँडवर मी उतरलो असतो आणि रस्ता ओलांडायच्या आत इकडं आईचा फोन वाजला असता. चाची आणि आई यांच्यात कुठलीही बातमी शिळी होत नाही.

बायको म्हणाली, सरळ सांगून टाका आईंना. मी म्हणालो, सांगितलं आणि ती म्हणाली, ने मला गावी, तर? यावर बायकोनं सांगण्याचा हट्ट सोडला. तिलाही आई हवी होती. आई आल्यापासून तिला घरात माझ्याविरुद्ध बोलायला हक्काचं माणूस मिळालं होतं.

मग आम्ही जे केलं ते दोन शिकलेल्या माणसांनी करावं असं नव्हतं. कृषी केंद्रातून बियाण्याची पाकिटं आणली. आई शेजारणीबरोबर दुपारच्या भजनाला गेली तशी परातीत शेण घेतलं. बायकोनं नाक मुरडत मळलं. प्रत्येक थापटीवर तीन बोटं उमटवायची होती, ती तिनं उमटवली, कारण माझी बोटं जाड. भिंतीवर जिथं जिथं फिकट वर्तुळ होतं तिथं तिथं नेमकी मारली. वैशाखातलं ऊन, संध्याकाळपर्यंत खडखडीत. आई आली, हातपाय धुतले, चहा प्याली. मी मनात म्हटलं, जमलं.

मृग लागला. आईनं माझ्याकडून मातीत राख, शेणखत, पालापाचोळा घालून घेतला होता; रोड जरा मातीवर आला होता. एका सकाळी तिनं भिंतीवरची थापटी खुरप्यानं काढली, घमेल्यात पाणी घेतलं आणि कुस्करायला लागली. मी ऑफिसचे कपडे घालून शेजारी उभा. पाणी आधी काळं झालं, मग शेण वर आलं, आणि खाली बी बसलं. आईनं ते तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं. गुलाबी. लग्नातल्या अक्षतांसारखं गुलाबी.

पाकिटातल्या बियाण्याला औषधाचा रंग असतो. हे मला माहीत होतं. पाकीट फोडताना बोटं रंगलीसुद्धा होती. पण आम्ही दोघं बोटांचे ठसे जुळवण्यात इतके गुंतलो होतो की बियाकडं बघायचं राहून गेलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "बाबू," ती म्हणाली, "वांग्याच्या बियाले कुकू कोनं लावलं?"

आतून बायकोच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. मी सांगायला सुरुवात केली, जावई, गोवऱ्या, धूर. आईनं हात वर केला. म्हणाली, "मले मालूम हाय. भिंत उघडी पडलेली दिसत नाही काय मले? पाहुण्याच्या मनाले लागन म्हणून बसली मी. मंग पाहात होती, तू काय करतं ते. बापासारखाच हायेस. त्यायचंबी असंच, एक झाकाले जायचे आन् दोन उघडे पाडायचे."

मी म्हणालो, मग आजच धामणगावला जातो, चाचीकडून आणतो. त्यावर ती एकदम ताठ झाली. "दिलेलं वापस मांगाले जाशीन? मी सारी जिंदगी त्या गावाले बी देल्लं. आता हात पसरू? आन् काय सांगशीन, जावयानं जाळलं म्हणून? पोरीच्या सासरचं नाव गावात?" मग आवाज उतरवून म्हणाली, "पेर हेच. शेनात घातलं ना, मंग पेरा लागते."

मी विचारलं, म्हणजे हे वांगं लागलं तरी चालेल ना? म्हणजे तू राहशील?

ती म्हणाली, "पाहू."

त्या एका शब्दावर मी पुढचे सगळे महिने काढले. पाहू म्हणजे हो की नाही, हे मी बायकोला इतक्या वेळा विचारलं की तिनं शेवटी हात जोडले. रोपं उगवली, तेव्हा मी उकरून बघू नये म्हणून आईनं वाफ्याभोवती बोराटीच्या काटक्या खोचल्या. म्हणाली, बकरीसाठी. आमच्या गल्लीत बकरी नाही. रोपं लावली आणि पावसानं दडी मारली. नळ येईना. मी डाळ-तांदळाचं धुवण, भांड्यांचं पाणी, अंघोळीचं पाणी बादलीनं नेऊन घालत होतो. मग पाऊस आला तो थांबेना. दोन झाडं मर रोग लागून बसल्या जागी माना टाकून गेली. ऑफिसात फाइल उघडली की मला कागदावरच्या अक्षरांऐवजी पानांवरचे पिवळे डाग दिसायचे. दुपारच्या सुटीत घरी येऊन एक फेरी मारायचो. आईच्या खोलीसमोरून जाताना खिळ्याकडं बघायचो. पिशवी तिथंच.

फुलं आली, जांभळी, खाली मान घातलेली. फळं धरली. आणि एका सकाळी घाटातून वानरांची टोळी आली. आमच्याकडे ती येतातच, टाक्यांची झाकणं उघडतात, पेरू नेतात. त्यांनी कोवळी वांगी तोडली, एकेक घास घेतला आणि चव न आवडल्यासारखी फेकून दिली. आई काठी घेऊन धावली ती अनवाणीच. गच्चीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या वानराला तिनं असं काही सुनावलं की शेजारच्या मॅडमनी खिडकी उघडली आणि ऐकत उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून आई दुपारी झोपेना. झाडांजवळ खुर्ची टाकून, मांडीवर काठी आडवी धरून बसायची, भाजी तिथंच निवडायची. भजनाला बोलवायला आलेल्या बायकांना सांगायची, "तुम्ही व्हा म्होरं, मले सुट्टी नाही." मॅडम भिंतीवरून तिच्याशी बोलायला लागल्या. मी हे सगळं पाहत होतो आणि तरीही मला फक्त वांगीच दिसत होती.

नंतर अळी पडली. शेंडे सुकले, फळांना भोकं. आई रोज सकाळी चाळलेली राख पानांवर उडवायची आणि किडके शेंडे खुडायची. मी मोबाइलवर उपाय वाचून दाखवायचो. ती म्हणायची, "तू ऑफिसात जा बरं. तुह्या पायानंच झाड घाबरते."

चंपाषष्ठी जवळ आली तेव्हा धड वांगी तीन-चार होती. लांबट, काळपट जांभळी, तुळतुळीत. आईच्या वांग्याचं काही म्हणजे काही त्यांच्यात नव्हतं. मी बायकोला म्हटलं, संपलं. हे पाहूनच ती पिशवी उचलणार.

त्या दिवशी आईनं ती वांगी स्वतः खुडली. निखाऱ्यावर भाजली, सोलली, मिरच्या-लसूण-कोथिंबीर घालून भरीत केलं. रोडगे केले. देवापुढं पान ठेवलं, बराच वेळ हात जोडून बसली. मग जेवायला बसली आणि चातुर्मास सोडायचा म्हणून भरताचा पहिला घास घेतला. मी माझ्या ताटात हात न घालता तिच्या तोंडाकडं बघत होतो.

तिनं सावकाश चावलं. पाणी प्याली. "निरा पानी हाय बाबू," ती म्हणाली. "याले वांगं म्हनते का कोनी? देवानं कसं खाल्लं असन." आणि ताटावरून उठली.

मी बायकोकडं पाहिलं. बायको ताटाकडं. आई आपल्या खोलीत गेली. खिळ्यावरून पिशवी काढल्याचा आवाज आला. मी उठून दारात गेलो. ती पलंगावर लुगडी काढून ठेवत होती, एकेक घडी नीट करून. पिशवी तिनं उलटी केली, झटकली आणि माझ्याकडे धरली.

"चाचीले फोन लावून दे," ती म्हणाली. "आन् ही पिशवी घेऊन तू उद्या जा. पुढच्या साली हे कचरा पेरनं नाही होत माह्याच्यानं."

फोन लावला. आईनं तो कानाला जरा दूर धरला, तिला वाटतं लांबच्या गावाला फोन दूर धरावा लागतो. आधी तब्येती झाल्या, मग चाचीच्या नातवाचं लग्न झालं, मग आई थांबली. "मले बी पाह्यजे," ती म्हणाली. "माह्यंच. वांग्याचं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, डोळा मिचकावला नाही की काही नाही, आणि शांतपणे म्हणाली, "काय सांगू बाप्पा. आमच्या बाबूनं गोवऱ्या म्हनून जाळून टाकलं."

मी तोंड उघडलं. बायकोनं माझा हात दाबला.

"नाही, मी नाही येत," आई फोनात सांगत होती. "मले कुठं सवड. इथं वानरं लय हायेत. बाबूले धाडतो."

दुसऱ्या दिवशी धामणगावला उतरलो तर स्टँडवरच्या चहावाल्यानं विचारलं, काय भाऊ, बी जाळलं म्हणे? चाची दारातच उभी होती. म्हणाली, "आ बाबू, आ. बी जला डाला करके सुनी मैं. इतनी सर्दी थी क्या बुलढाणे में?" तिनं मला आत नेलं. आमच्या दोन्ही घरांमधल्या भिंतीवर, तिच्या बाजूनं, थापट्यांची रांग होती. प्रत्येकीवर तीन बोटं. ती शिकली होती आईकडूनच. खुरप्यानं एकेक सोडवत तिनं माझ्या पिशवीत टाकली. पैशाचं काही बोलू नको म्हणून आधीच बजावलं. मग पलीकडच्या आमच्या बंद घराकडं बघत म्हणाली, "खुश है ना वो उधर?"

मी म्हणालो, वानरांशी भांडते.

"तो फिर खुश है," चाची म्हणाली.

परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो. वाटेतलं मोताळा गेलं. थापट्या गच्च होत्या, कोरड्या, वजनाला हलक्या. आत बी असेलच. चाचीनं दिलंय म्हणजे असणारच. पण वाटलं, एका कोपऱ्यातून जरासं, नखानंच, बघून घ्यावं. रंग फिकट पिवळा आहे ना, एवढंच. तेवढ्यात फोन वाजला. बायको होती.

"आई विचारताहेत," ती म्हणाली, "फोडून पाहिलं का?"

मी पिशवीतून बोट बाहेर काढलं आणि नाही म्हणालो.